जादू शिकायचीय? पहिले दोन महिने एकच खेळ

शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक नवखा पहिल्याच भेटीत विचारतो, "दहा-बारा खेळ यायला किती दिवस लागतील?" गुपितंच कळायची असतील तर एक दुपार पुरते. पण गुपित कळलं म्हणजे खेळ आला असं होत नाही. हातांना ते काम इतकं अंगवळणी पडायला हवं की तोंड आणि डोळे मोकळे राहतील. समोरच्या काकांशी गप्पा चालू आहेत, नजर त्यांच्या डोळ्यांत आहे आणि खाली हात आपलं काम उरकून केव्हाच रिकामे झालेत, हे जमलं की खेळ आला. रोज अर्धा तास दिलात तर पहिल्या खेळाला साधारण दोन महिने लागतात. पुढचे खेळ लवकर येतात, कारण हात तयार झालेले असतात.

म्हणून मी नवख्यांना तीनच गोष्टी देतो: पत्त्यांचा एक खेळ, नाण्याची एक हातचलाखी आणि मेंटॅलिझमचा, म्हणजे मनातलं ओळखल्याचा, एक प्रयोग. त्याही याच क्रमाने, एका वेळी एकच. या तिन्ही गोष्टी कुठल्याही प्राथमिक पुस्तकात सापडतात, त्यामुळे इथे लिहिताना मी कोणाचं गुपित फोडत नाहीये.

सामान

पत्त्यांचा एक कॅट घ्या, शक्यतो कागदी. नाक्यावर मिळणारा स्वस्त प्लॅस्टिकचा कॅट हातातून निसटतो आणि पिसताना पत्ते विखुरतात. जादूगारांच्या हातात बहुधा दिसतो तो अमेरिकन 'बायसिकल'. हे नाव १८८५ पासून चालत आलंय. पोकर मापाचा पत्ता सुमारे ६३ मिलिमीटर रुंद असतो आणि ब्रिज मापाचा ५७. हात लहान असेल तर खुशाल ब्रिजचा घ्या. कागदी पत्त्यांचा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये कॅट दमट होऊन फुगतो, पत्ते एकमेकांना चिकटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येते तसली ओलावा शोषणारी पुडी टाकून ठेवा.

दहा रुपयांची दोन नाणी, जाड कागदाच्या सारख्या आकाराच्या डझनभर चिठ्ठ्या, एक मार्कर पेन, एक पेला आणि मोबाइल. बस. दुकानातल्या रंगीत पेट्या आणि चोरकप्प्याच्या नळ्या आत्ता घेऊ नका. वस्तू वेगळी दिसली की प्रेक्षक वस्तूवर संशय घेतो आणि तुमच्याकडे बघायचंच सोडून देतो.

पहिला खेळ: खुणेचा पत्ता

कॅट पिसा. पिसून झाल्यावर कडा जुळवायला गठ्ठा टेबलावर उभा ठोकतो, तेव्हा तळाचा पत्ता तुमच्याकडे तोंड करून असतो. तेवढ्यात तो बघून घ्यायचा. समजा, बदाम सत्ती आहे. ही तुमची खूण. मनात तीनदा म्हणा, कारण गर्दीपुढे ती विसरायला होते.

आता पत्ते पालथे पसरा आणि समोरच्याला हवा तो पत्ता घेऊ द्या. तुम्ही मान फिरवा आणि तो पत्ता शेजारच्यालाही दाखवायला सांगा. पत्ता घेणारा स्वतःच विसरला तर दुसरा साक्षीदार लागतो. तोवर पसरलेले पत्ते गोळा करून कॅट टेबलावर ठेवा. त्याने आपला पत्ता वर ठेवायचा आणि कॅट स्वतःच्या हाताने काटायचा: वरचा गठ्ठा उचलून बाजूला, राहिलेला गठ्ठा त्याच्यावर. काटला की तळाची बदाम सत्ती बरोबर त्याच्या पत्त्याच्या डोक्यावर येऊन बसते.

आणखी दोनदा काटू द्या. काटल्याने पत्त्यांचा क्रम गोल फिरतो, मोडत नाही. पिसायला मात्र देऊ नका. क्वचित असं होतं की नेमकं त्या दोन पत्त्यांच्या मधोमध काटलं जातं. मग सत्ती पुन्हा तळाला जाते आणि त्याचा पत्ता सगळ्यात वर येतो. म्हणून कॅट उचलताना तळाकडे एक नजर टाकायची सवय लावून घ्या.

इथवर सगळे येतात. फरक पडतो तो पुढे. बहुतेक नवखे वरून एकेक पत्ता सुलटा करत जातात, सत्ती दिसली की चपापतात, पुढच्या पत्त्यावर थांबतात आणि "हाच ना?" म्हणतात. पत्ता बरोबर निघतो, लोक टाळ्याही वाजवतात, पण सगळ्यांना कळलेलं असतं की कॅटमध्ये कुठेतरी खूण आहे.

असं करून बघा. "जोकर काढायचे राहिलेत वाटतं," म्हणत पत्ते तोंडं स्वतःकडे करून डाव्या हातातून उजवीकडे सरकवत पसरा. बदाम सत्तीच्या लगेच उजवीकडचा पत्ता त्याचा. दोन सेकंदांत बघा, जोकर असला तर काढून ठेवा, कॅट बंद करून खोक्यात घाला आणि खोकं त्याच्याच हातात द्या. आता घाई करू नका. पाणी प्या, त्यांचं नाव विचारा, कुठून आलात ते विचारा. अर्धा मिनिट गेला की लोक तुम्ही पत्ते पाहिल्याचं विसरतात. मग म्हणा, "पत्ता डोळ्यांसमोर आणा. रंग आधी. काळा आहे... किलवर नाही, इस्पिक. चित्र आहे. राणी नाही." इतकं झालं की गप्प राहा. इस्पिकचा गुलाम हे शब्द त्यांच्याच तोंडून येऊ द्या किंवा सगळ्यात शेवटी तुम्ही हळू आवाजात म्हणा.

बघा, गुपित तेच आहे. पत्ते हातात असताना सापडला तर ती हातचलाखी. पत्ते खोक्यात गेल्यावर तोच पत्ता तुमच्या तोंडून आला तर ते मनातलं ओळखणं. मेंटॅलिझमचा पाया एवढाच: माहिती मिळाली तो क्षण आणि ती बोलून दाखवली तो क्षण, या दोहोंत जितकं अंतर पडेल तितकं बरं.

सराव

पहिला आठवडा नुसते हात. दुसऱ्या आठवड्यापासून हात चालू असताना मोठ्याने पाढे म्हणा. बे एके बे नको, तो झोपेतही येतो. सत्तावीसचा म्हणा. पाढा अडखळला तर हात अजून कच्चे आहेत, आणि हात थांबले तरी तेच. दोन्ही बरोबर चालायला लागलं की पाढ्याच्या जागी तुमचं खरं बोलणं घाला.

आरसा जपून वापरा. आरशात बघून शिकणाऱ्याला नेमक्या चोरीच्या क्षणी डोळे मिटायची खोड लागते, कारण आपण स्वतःलाच फसवायला बघत असतो. मोबाइलवर चित्रण केलं की ती लगेच दिसते. मोबाइल एकदा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि एकदा जमिनीवर मांडी घालून बसलेल्या पोराच्या उंचीवर. आपल्याकडे पोरं नेहमी पुढे आणि खालीच बसतात. वरून न दिसणारं नाणं त्यांना हमखास दिसतं.

नाणं

परदेशी पुस्तकांत अर्धा डॉलर वापरतात. त्याचा व्यास ३०.६ मिलिमीटर. आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटर आहे आणि त्यावर काम उत्तम होतं.

नाणं उजव्या हातात मधल्या आणि करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी ठेवा. बोटं किंचित वळवली की ते तिथेच अडकून राहतं. आता उजवा हात डाव्या तळव्यावर पालथा करा, जणू नाणं त्यात टाकताय. डावी मूठ मिटा. नाणं उजव्यातच राहिलंय. उजवा हात सैल सोडून खाली येऊ द्या, तर्जनीने डाव्या मुठीकडे बोट दाखवा आणि नजर डाव्या मुठीवरच ठेवा.

शिकायची पद्धत अशी: आधी वीस वेळा खरंच नाणं डाव्या हातात द्या. मग एकदा खोटं द्या आणि दोन्हीचं चित्रण शेजारी लावून बघा. खऱ्या देण्यात डावी मूठ नाण्याचं वजन घेते, किंचित खाली जाते. खोट्या देण्यात ती हवेत मिटते. हा एक धागाभर फरक काढून टाकायला मला तीन आठवडे लागले होते.

कोन सांभाळा. एका सोसायटीच्या कोजागिरीला गच्चीवर मी खेळ केला. माणसं चारी बाजूंनी बसली होती. नाणं उजव्या हातात असताना मागून एका मुलाने मोठ्यांदा सांगितलं, "काका, त्या हातात आहे." दोष मुलाचा नव्हता, मी जागा बघितली नव्हती. तेव्हापासून मी आधी जागेवर जाऊन पाठीमागे भिंत किंवा पडदा येईल असं उभं राहायचं ठिकाण ठरवतो, आणि तसं मिळालं नाही तर नाण्याचा खेळ त्या दिवशी वगळतो. चिठ्ठ्यांचा प्रयोग चारी बाजूंनी चालतो.

चिठ्ठ्यांचा प्रयोग

प्रेक्षकांना असं दिसतं. एक ताई लहानपणीच्या मैत्रिणीचं नाव मनात आणतात, एक काका आवडत्या गावाचं, तिसरा माणूस कॅट काटून पत्ता घेतो. प्रत्येक वेळी तुम्ही आधीच एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून, घडी घालून पेल्यात टाकलेलं असतं. शेवटी पेला ओततात आणि तिन्ही चिठ्ठ्या बरोबर निघतात.

मेख अशी की तुम्ही एक पाऊल पुढे असता. तिसरी निवड तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, कारण तो पत्ता तुम्हीच गळ्यात घालणार आहात. समजा चौकट दश्शी, जी तुम्ही आधीच कॅटच्या सगळ्यात वर ठेवली आहे.

ताई मैत्रिणीचं नाव मनात आणतात तेव्हा तुम्ही लिहिता 'चौकट दश्शी'. चिठ्ठी पेल्यात जाते. "आता सांगा, कोण?" त्या म्हणतात, "सुमन." मग काकांकडे वळा. ते गाव मनात आणतात, तुम्ही लिहिता 'सुमन'. चिठ्ठी पेल्यात. "कुठलं गाव?" "चिपळूण."

तिसऱ्या माणसाला कॅटचा वरचा थोडा गठ्ठा उचलून टेबलावर ठेवायला सांगा. राहिलेला गठ्ठा तुम्ही त्यावर आडवा ठेवा, "म्हणजे कुठे काटलं ते लक्षात राहील." आणि आता तिसरी चिठ्ठी लिहायला घ्या. तिच्यावर येतं 'चिपळूण'. हे लिहिण्यात दहा-पंधरा सेकंद जातात, आणि तेवढ्यात कुठला गठ्ठा वरचा होता आणि कुठला खालचा हे सगळे विसरतात. चिठ्ठी पेल्यात टाकली की आडवा गठ्ठा उचला आणि म्हणा, "तुम्ही काटलेल्या जागचा पत्ता घ्या." खालच्या गठ्ठ्यावरचा तो पत्ता म्हणजे कॅटचा मूळचा वरचाच पत्ता, चौकट दश्शी. गठ्ठे आडवे ठेवल्यावर लगेच उचललेत तर हे पकडलं जातं. मधली ती चिठ्ठीच तुम्हाला वाचवते, म्हणून हे दोन प्रकार एकमेकांना इतके शोभतात.

काही बारकावे. चिठ्ठ्यांवर क्रमांक घालू नका. तिन्हींच्या घड्या सारख्या घाला. लिहिताना त्या माणसाकडे बघून थांबत थांबत लिहा, झरझर लिहिलंत तर पाठ केल्यासारखं वाटतं. पेला स्वतः ओतू नका, प्रेक्षकांतल्या कोणाला तरी ओतायला आणि वाचायला द्या. लिहिलेलं कोणी विरुद्ध बाजूने वाचू नये म्हणून जाड कागद आणि तळहाताचा आडोसा. एखाद्या ताईंनी "मंदाकिनी बाळकृष्ण..." असं लांबलचक नाव सांगितलं तर पहिलं नाव पुरे. सुरुवातीलाच सांगून ठेवा की एका शब्दात बसेल असं काहीतरी मनात आणा.

या शाखेत पुढे जायचं असेल तर टोनी कोरिंडा या इंग्रज मेंटॅलिस्टच्या तेरा पुस्तिका आजही पायाभूत मानल्या जातात. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, पण पुस्तकातूनच शिका. व्हिडिओवरून शिकणाऱ्याच्या तोंडात समोरच्या जादूगाराचं बोलणं बसतं, हावभावांसकट.

बोलणं

आणि ते बोलणं बहुतेक वेळा हिंदी किंवा इंग्रजी असतं. मराठी प्रेक्षकांपुढे मराठीत बोला, आणि घरी बोलता तसं बोला. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घराण्यात तीन पिढ्या या कलेवर उभ्या राहिल्या. मराठी माणूस जादूला तिकीट काढून येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. प्रेक्षकांतल्या माणसाला ताई, काका, आजी म्हणा. मनगट धरायचं असेल तर आधी "धरू का?" विचारा. कोणाच्या विसराळूपणावर, वजनावर, बायकोवर विनोद करून हशा मिळवू नका. तो माणूस तुमच्या मदतीला उठून आलेला असतो.

गप्प कधी राहायचं हेही बोलण्यातच येतं. एप्रिल १९५६ मध्ये बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या थेट कार्यक्रमात करवतीने मुलगी कापायचा खेळ केला. मुलगी उठायच्या आतच कार्यक्रम संपला, आणि मुलगी खरंच गेली असं वाटून लोकांनी बीबीसीला फोनवर फोन केले. काही सेकंदांच्या शांततेत केवढी ताकद असते ते यातून कळतं. तुमच्या प्रयोगात ती शांतता चिठ्ठी उलगडताना यायला हवी. तेव्हा पेलाही हलवू नका.

पहिला प्रयोग घरच्या चार माणसांपुढे, दुसरा मित्रांपुढे, मग सोसायटीचा गणपती किंवा शाळेचं स्नेहसंमेलन. मंडपात मेंटॅलिझम करायचा तर माइक लागतोच. दोन्ही हात मोकळे राहतील असा, गळ्यात अडकवायचा माइक मिळतो का ते आधी विचारा. वेळ पंधरा मिनिटांच्या पुढे नेऊ नका. एकच खेळ त्याच लोकांना दुसऱ्यांदा दाखवू नका, कितीही आग्रह झाला तरी.

पाणी, आग, पातं, डोळे बांधून गाडी चालवणं यांच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका. जून २०१९ मध्ये कोलकात्याचा एक जादूगार साखळदंडात स्वतःला बांधून हुगळीत उतरला तो वर आलाच नाही. वर्षानुवर्षं खेळ करणारा माणूस होता तो.

चमत्कार नव्हे

मेंटॅलिझम करणाऱ्यावर एक जबाबदारी येते, पत्तेवाल्यावर ती तितकी नसते. नाणं गायब झालं तर ते हातात कुठेतरी आहे हे लोकांना ठाऊक असतं. मनातलं नाव ओळखलं तर अर्ध्या लोकांना वाटतं, याला खरंच काहीतरी येतं.

ही काळजी जुनी आहे. इंग्लंडात चेटकिणी म्हणून बायकांना फासावर चढवत होते, त्या काळात, १५८४ साली, रेजिनल्ड स्कॉट नावाच्या इंग्रज लेखकाने नाण्यांच्या, चेंडूंच्या आणि पत्त्यांच्या हातचलाख्या कशा करतात ते छापून टाकलं, म्हणजे यात सैतान नाही हे लोकांना कळावं. आपल्याकडे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव बाबांचे चमत्कार करून दाखवतात आणि लगेच उलगडूनही सांगतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. रंगमंचावरच्या खेळाला घाबरायचं कारण नाही. फक्त खेळ सुरू व्हायच्या आधी एक वाक्य स्पष्ट म्हणा: "हा करमणुकीचा खेळ आहे, माझ्याकडे कुठलीही शक्ती नाही." हे म्हटल्याने रंग उतरत नाही, मी शेकडो वेळा म्हटलंय.

तरी कोणीतरी येतंच. एका गणेशोत्सवात चिठ्ठ्यांचा प्रयोग झाल्यावर खुर्च्या उचलून होईपर्यंत एक साठीच्या बाई थांबून राहिल्या. घरातून त्यांच्या पाटल्या गेल्या होत्या. कामाला येणाऱ्या मुलीवर संशय होता. "तुम्हाला मनातलं कळतं," त्या म्हणाल्या, "तिला उद्या घेऊन येते. नुसतं हो की नाही सांगा."

गुपित सांगायचं नाही हा नियम मी त्या दिवशी मोडला. तुमच्यापुढे कोणी असं आलं तर तुम्हीही मोडा. खुर्ची ओढली, पेला मांडला, तिन्ही चिठ्ठ्या त्यांच्यासमोर सावकाश लिहिल्या आणि कुठलं नाव केव्हा लिहिलं ते दाखवलं. त्यांनी चिठ्ठ्या उलगडून ओळीने लावल्या, पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितलं, आणि बराच वेळ त्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिल्या.

"म्हणजे तिने घेतल्या असं तुम्ही म्हणत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही हो, मावशी. मला ते कळूच शकत नाही."